तापीकाठी विणलेलं मैदान

धुळ्याहून शिरपूरकडे निघालेली एसटी सोनगीरला थांबली, तेव्हा मांडीवरची विटकरी पट्टी हातभर लांब झाली होती. सोनगीर म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी महामार्ग, आणि गाडीत चढणाऱ्या बायकांची गर्दी. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि माहेरी जाणं, बाजाराला जाणं, दवाखान्यात जाणं, सगळ्यालाच बळ आलं. माझ्या शेजारी एक नऊवारीतल्या बाई येऊन बसल्या. पिशवी पायाशी लावली आणि थेट माझ्या हाताकडे पाहत विचारलं,

"हाई काय करी ऱ्हायनी व माय?"

"पांघरूण विणतेय. भाचीसाठी."

"भाचीनं लगीन शे का?"

"नाही हो. ती खो-खो खेळते. तिच्यासाठी खो-खोचं मैदान विणतेय."

बाईंनी पट्टी हातात घेतली, उलटून पाहिली, बोटांनी वीण ताणून पाहिली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याने मी खूश झाले. "मंग खांब कोठे शेतस?"

खांब पिशवीत होते. ते दाखवले. दोन्ही बाजूंचे दोन गोल, तपकिरी सुताचे. वरून पाहिलं तर खांब गोलच दिसणार, म्हणून सहा साखळ्यांच्या कड्यावर मुके खांब घालत गोल वाढवलेले. बाई म्हणाल्या, बराबर. नरडाण्याला उतरेपर्यंत त्या मला त्यांच्या नातींबद्दल सांगत होत्या.

लग्नाचा तो प्रश्न मात्र मला नवा नव्हता. नाशिकलाही ज्यांनी ज्यांनी हे विणकाम पाहिलं, त्यांतल्या बहुतेकींनी आधी लग्नच विचारलं. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे क्रोशाची सुई मुलीच्या हातात आली ती रुखवतासाठी. टेबलावरचं कापड, ताटावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, दारावरचं तोरण. जाळीच्या विणीत भरलेले हंस, मोर, कमळं आणि 'सुस्वागतम्'. मुलगी दोन-चार वर्षं विणायची, मांडवात ते एक दिवस मांडलं जायचं, आणि मग सासरच्या ट्रंकेत जायचं. त्या विणीत अफाट कौशल्य होतं. पण विणणारीला स्वतःला काय आवडतं, ती दिवसभर काय करते, कशात तरबेज आहे, याचा त्यात मागमूस नसायचा. माझ्या भाचीसाठी मला वेगळं करायचं होतं. ती रोज ज्या मैदानावर गुडघे फोडून घेते, ते मैदानच तिच्या अंगावर यावं, असं मनात होतं. अर्धं विणून झालं होतं. उरलेलं शिरपुरात, तिच्या घरी, तिला विचारून पुरं करायचं ठरवून निघाले होते.

क्रोशा प्रवासाला फार सोयीचा. दोन सुयांच्या विणकामात सुईवर शंभर-दीडशे टाके एकदम उभे असतात, गाडीने गचका दिला की घसरतात. क्रोशात सुईवर जिवंत टाका एकच. त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम पिशवीत कोंबा, काही उसवत नाही. नाशिक सोडल्यापासून चांदवडचा घाट, राहुडबारी, मालेगाव, ललिंगच्या किल्ल्याखालचं वळण, या सगळ्या वाटेवर मी विणत होते. मालेगावला यंत्रमागाच्या कापडाचे तागे लादलेले टेम्पो रस्त्याला लागतात, तेव्हा मात्र हात थांबवून पाहिले. पुढे आपण कापसाच्या मुलखात शिरणार, याची ती पहिली खूण.

नरडाणा मागे पडलं की थोड्याच वेळात सावळद्याचा पूल येतो आणि खाली तापी दिसते. नदी पश्चिमेकडे वाहणारी, पात्र रुंद, हिवाळ्यातही पाणी भरपूर. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. या पुलावरून खान्देशचे दोन भाग एका नजरेत येतात: मागे धुळ्याकडचा कोरडा माळ, पुढे तापीच्या गाळाची काळी, जाड जमीन. शिरपूर तालुका ही जमीन आणि सातपुडा यांच्यामध्ये पसरलेला आहे. आग्रा रोड शहराला चाटून मध्य प्रदेशाकडे जातो. गावाशेजारून अरुणावती वाहते. अजून इथे रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नरडाणा नाहीतर धुळं. 2024 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली, तेव्हापासून गावात रेल्वेच्या गप्पा जोरात आहेत.

ताईचं घर करवंद नाक्यापासून जवळ. दारातच भाची उभी होती. कोपराला पट्टी, नडगीवर ओरखडे, आणि पहिला प्रश्न, "मावशी, मैदान आणलं का?"

ते मैदान कसं आखलं, ते सांगते. नियमाप्रमाणे खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. एका मीटरला 6 सेंटिमीटर धरले तर 162 बाय 96 होतं. एकेरी खाटेवर हे बरोबर बसतं, आणि भोवती रुंद काठ विणला की पांघरायलाही पुरतं. इथवर गणित सरळ होतं. अडचण होती ती मधल्या चौकोनांची. बसणारे आठ खेळाडू ज्या चौकोनांत बसतात ते जेमतेम 30 सेंटिमीटरचे. माझ्या प्रमाणात ते दोन सेंटिमीटरही भरेनात. तिथे मी माप सोडलं. खो-खो खेळणाऱ्या मुलीचं निम्मं आयुष्य त्या चौकोनात उकिडवं बसण्यात जातं. तो चौकोन बारीक करून चालणारच नव्हतं. म्हणून चौकोन 10 सेंटिमीटरचे केले आणि त्यांच्यामध्ये साधारण 9 सेंटिमीटर जागा सोडली.

चौकोनाची वीण जुनी, सगळ्यांच्या हातातली. चार साखळ्यांचं कडं, कड्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, असं चारदा. दोन साखळ्या येतात तिथे कोपरा होतो. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात दोनदा तीन-तीन खांब, बाजूच्या फटीत एकदाच. फेऱ्या वाढतात तसा चौकोन वाढतो, आणि कोपरे आपोआप काटकोनात राहतात. रंगांचं भाचीने फोनवर बजावून ठेवलं होतं: शेजारचे दोघे कधीच एका बाजूला तोंड करून बसत नाहीत, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. म्हणून आठातले चार पिवळे, चार निळे, एकाआड एक. मैदान मातीच्या रंगाचं. स्पर्धा आता मॅटवर होतात, पण रोजचा सराव मातीवरच, आणि तिला मातीचाच रंग हवा होता. आडव्या पाट्यांच्या रेषा पांढऱ्या. एका टोकाला जाळीच्या विणीत तिच्या बनियनवरचा 7 आकडा, चौकटीच्या कागदावर आधी भरून घेतलेला.

सूत सगळं सुती. लोकरीच्या दुकानात ॲक्रिलिक स्वस्त मिळतं, हलकं असतं, रंगही भडक मिळतात. पण खान्देशात ते कोण पांघरणार? मे महिन्यात इथे पारा 44–45 पर्यंत चढतो आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे कधी कधी 5–6 अंशांवर येतो. सुती पांघरूण थंडीत दुहेरी करून घेता येतं आणि उन्हाळ्यात गच्चीवर पहाटेच्या वाऱ्याला एकेरी. शिवाय कापसाच्या मुलखात राहणाऱ्या मुलीला प्लॅस्टिकच्या धाग्याची भेट न्यायची, हे माझ्या मनाला पटेना. जड होतं, सव्वा किलोच्या वर गेलं, पण ते वजन अंगावर बरं वाटतं.

संध्याकाळी भाचीबरोबर मैदानावर गेले. मुली चुन्याने रेषा आखत होत्या. खो-खो मी लहानपणी खेळले आहे, टीव्हीवरही पाहिला आहे, पण रेषेपासून हातभर अंतरावर बसून बघणं वेगळंच. बसलेली मुलगी पायाच्या चवड्यांवर, हात जमिनीला, मान वर. पाठीमागून पंजा पडतो, 'खो' ऐकू येतो, आणि ती सुटते. सुटली की ज्या बाजूला खांदा वळला त्याच दिशेने धावायचं, मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. दिशा बदलायची तर खांबापर्यंत जाऊन. पळणाऱ्या मुलीला मात्र अशी काही बंधनं नाहीत, ती बसलेल्यांच्या मधून हवी तशी सुळकन निघते. म्हणून पाठलाग करणाऱ्या नऊजणींना एका डोक्याने विचार करावा लागतो. खांबाजवळ भाचीने एक सूर मारला. डावा हात खांबाला, सगळं अंग हवेत आडवं, उजवा हात पळणाऱ्या मुलीच्या टाचेपर्यंत. गडी टिपला. ती पोटावर पडली, उठली, माती झटकली आणि लगेच पुढच्या चौकोनात जाऊन बसली. कोपरावरची पट्टी कशाची, ते कळलं.

हा खेळ आपल्या मातीतलाच. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधले. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार सारिका काळे उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. तिला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे. तो सामना या मुलींनी एकत्र बसून पाहिला होता. भाचीला त्यातल्या पळत्या अजून पाठ आहेत. कोण कुठून आत शिरली, कुणी किती वेळ काढला, हे ती जेवताना सांगते आणि ताई "आधी घास गिळ" म्हणते.

घरात खरी विणणारी म्हणजे ताईच्या सासूबाई. भाची त्यांना मोठीमाय म्हणते, मीही तेच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. मी पांघरूण पलंगावर पसरलं तशा त्या आल्या आणि काही न बोलता कडेने हात फिरवत गेल्या. दोन चौकोनांच्या जोडावर थांबल्या. "हा जोड कच्चा हाय. मी देते करून." आत गेल्या आणि ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली सुई घेऊन आल्या.

ती सुई मी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. सायकलच्या चाकाची तार. एक टोक दगडावर घासून आकड्यासारखं वळवलेलं, आकड्याचं तोंड इतकं गुळगुळीत की सूत कुठे अडकत नाही. दुसऱ्या टोकाला लाकडाची मूठ, हाताच्या घामाने काळी झालेली. त्यांच्या भावाने करून दिली होती, त्या शाळेत असताना. तेव्हा गावात विकतची सुई मिळत नसे, आणि मिळाली तरी तिच्यासाठी पैसे कोण देणार? याच सुईवर त्यांचं सगळं रुखवत झालं. मग ट्रंकेतून तेही निघालं. जाळीचं टेबलक्लॉथ, दोन हंस समोरासमोर, मध्ये कमळ. सूत इतकं बारीक की माझ्या चार मिलिमीटरच्या सुईला ते धरवणारच नाही. एकही गाठ दिसत नव्हती. हे टेबलक्लॉथ कधी वापरलंत का, विचारलं. "टेबलच नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही दोघी जोड घालत बसलो. माझे जोड मी शिवणीच्या सुईने घातले होते. त्यांनी ते उसवायला लावले आणि मुक्या खांबांनी जोडून दाखवले: दोन्ही तुकडे उलट बाजू आतमध्ये धरून, दोन्हीकडचे टाके एकदम उचलून. जोडाची एक उंच रेघ वर येते, आणि मैदानावर आखलेल्या रेषेसारखी ती दिसते. टोकं आत ओवण्याचीही त्यांची रीत कडक. एका दिशेला दोन इंच, मग उलट फिरून एक इंच, नाहीतर धुतल्यावर शेपट्या बाहेर येतात. सुती दोरा गुळगुळीत, तो लोकरीसारखा एकमेकांना धरून राहत नाही, म्हणून एवढी काळजी.

विणता विणता त्यांनी भाचीला विचारलं, तुमच्यात पहिल्या पाटीवर कोण बसतं? भाचीने सांगितलं. "मी खांबाजवळच्या पाटीवर बसायची," मोठीमाय म्हणाल्या. "थाळनेरले. सातवीपावत." भाचीने हातातला फोन खाली ठेवला. तिला हे माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं, आणि ती या घरात येऊन वीस वर्षं झालीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही थाळनेरला गेलो. वाटेत शेतावर थांबायचं होतं, कारण भरीत ठरलं होतं, आणि हिवाळ्यात शिरपूरला येऊन भरीत न खाता जाणारा पाहुणा अजून मला भेटायचा आहे. रस्त्याला जागोजागी खोल खोदलेले नाले लागतात, ठरावीक अंतरावर सिमेंटचे बांध घातलेले. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथे केलेलं हे काम राज्यभर 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ओळखलं जातं. नाला रुंद आणि खोल करायचा, साचलेलं पाणी जमिनीत मुरवायचं, विहिरी जिवंत करायच्या. असं काम सगळीकडे तसंच्या तसं चालेल का, यावर जाणकारांत वाद आहेत. पण इथल्या काठाकाठाने हिरवी केळी आणि उभी कपाशी दिसते, ती मी डोळ्यांनी पाहिली.

कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस ओढताना बायकांच्या बोटांना सारखे ओरखडे पडतात. काही शेतांत झाडं उपटायला सुरुवात झाली होती. फरदड म्हणून झाडं उभीच ठेवली की गुलाबी बोंडअळीला घर मिळतं, म्हणून वेळेत उपटा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर रचलेला, आणि त्याच पेटवून वांगी भाजायची, ही खान्देशची पद्धत. पांढरट हिरवी, मोठाली वांगी. पऱ्हाटीची आच जोराची आणि लवकर निवणारी, त्यामुळे वांग्याची साल करपते पण गर ओला राहतो, आणि एक धुरकट वास आतपर्यंत उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो कधीच येत नाही. लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण, भाजलेलं वांगं ठेचलं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी. कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही बांधावरच बसून जेवलो.

तिथे ताईचे चुलत दीर भेटले. बरीच वर्षं त्यांनी सूतगिरणीत काढली. शिरपूरला प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी आहे आणि सुताविषयी बोलणारी माणसं इथे घरोघर सापडतात. त्यांनी माझ्या पिशवीतला गुंडा हातात घेतला, टोक उलगडलं आणि पदर मोजले. मग काउंट म्हणजे काय ते सांगितलं. एक पौंड वजनात 840 वारांच्या किती लडी बसतात, तो आकडा म्हणजे काउंट. 30 काउंट म्हणजे एका पौंडात 30 लडी. आकडा मोठा तितकं सूत बारीक. गिरणीतून निघतं ते बहुतेक एकेरी, कोनवर गुंडाळलेलं, मागावर जाणारं. तसंच घेऊन क्रोशा केला तर पीळ सुटतो आणि वीण एका बाजूला कलते. म्हणून क्रोशाच्या सुतात अनेक पदर उलट्या दिशेने पिळून एकत्र बांधलेले असतात. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात. "कपाशी आमची, सरकी आमची, सूतबी आमचं," ते म्हणाले, "पण हा गुंडा बाहेरून येतो." त्यांच्या बोलण्यातली खंत मला खरी वाटली. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावला खान्देश मिल उभी राहिली, अमळनेरला प्रताप मिल. एवढा जुना कापसाचा मुलूख, पण शिरपूरच्या बाजारात क्रोशाचं रंगीत सुती सूत मागितलं तर दुकानदार दोनच रंग काढून दाखवतो. इथल्याच सुताला रंग देऊन, पदर पिळून गुंडे करणारा एखादा बचत गट निघाला तर त्याचं पहिलं गिऱ्हाईक मी.

थाळनेर तापीच्या काठावर आहे. आज शांत, मध्यम गाव. पण फारुकी सुलतानांची ही राजधानी होती. मलिक राजाला 1370 च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाकडून हा मुलूख मिळाला आणि पुढे त्याच्या वंशाने दोनशे वर्षं खान्देशावर राज्य केलं. त्यांच्या कबरी गावाबाहेर आहेत. नदीकडे किल्ल्याचे ढासळलेले तट. लतादीदींच्या आई, माई मंगेशकर, याच गावच्या. गावकरी ते आवर्जून सांगतात. हे सगळं आम्ही भराभर पाहिलं, कारण मोठीमायला दुसरीकडे जायचं होतं.

त्यांनी आम्हाला गावातल्या एका मोकळ्या जागेवर आणलं. आता तिथे एका कडेला घरं झालीत, उरलेल्या भागात पोरं क्रिकेट खेळत होती. "इथे खांब, आणि तिथे दुसरा," त्यांनी हाताने दाखवलं. खांब म्हणजे तेव्हा जमिनीत पुरलेली बाभळीची बल्ली. पाट्या काठीने ओढलेल्या. नऊवारी नव्हे, परकर खोचून खेळायच्या. एकदा शेजारच्या गावाच्या शाळेशी सामना झाला आणि त्यांनी खांबाजवळून तिघींना टिपलं. गुरुजींनी शाळेसमोर नाव घेतलं. त्या वर्षानंतर शाळा सुटली. घरी सुई हातात आली, आणि मग हंस आणि कमळ. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, कुणाविषयी तक्रार न करता. भाची ऐकता ऐकता मध्येच म्हणाली, "मोठीमाय, खांबाजवळ बसणारीनं उजवा पाय पुढे ठेवायचा का डावा?" आणि सत्तरी ओलांडलेल्या मोठीमायने पदर खोचला, गुडघे वाकवले आणि चवड्यांवर बसून दाखवलं. डावा. म्हणजे उठताना उजव्याला जोर येतो. भाचीने तसं बसून पाहिलं, दोनदा उठून पाहिलं. "आमच्या सरांनी उजवा सांगितलाय," ती म्हणाली. मग दोघींचा वाद सुरू झाला आणि जीपमध्येही संपला नाही.

परतल्यावर पांघरुणाचं शेवटचं काम. सुती वीण धुतल्याशिवाय आकाराला येत नाही. आधी साध्या पाण्यात भिजवून रंग जातो का ते पाहिलं, कारण निळ्याचा भरवसा नसतो. पाणी स्वच्छ राहिलं. मग हलक्या हाताने पिळून, गच्चीवर सतरंजी अंथरली आणि तिच्यावर पसरलं. भाचीने मोजपट्टी धरली, ताईने टाचण्या. 162 आणि 96, अधिक काठ. एक कोपरा आत ओढला जात होता, तो ओढून टाचला. कर्णाची दोन्ही मापं घेतली, सारखी आली. ओल्या सुताला जसं बसवाल तसं ते वाळतं, म्हणून ही मोजणी महत्त्वाची. वर जुनी साडी टाकून ऊन अडवलं, नाहीतर पिवळा उडाला असता. शिरपूरच्या कोरड्या हवेत ते संध्याकाळपर्यंत वाळलं.

भाचीने ते आधी जमिनीवर अंथरलं. पिवळ्या चौकोनांवर चार शेंगदाणे ठेवले, निळ्यांवर चार, पळणाऱ्यांसाठी तीन चिंचोके, आणि मैत्रिणींना बोलावून पुढच्या सामन्यातली साखळी कशी मोडायची ते मांडून दाखवायला बसली. पांघरायला तिने ते रात्री घेतलं. त्याच्या आधी ते तिच्या संघाच्या बैठकीचा नकाशा झालं होतं, आणि मला वाटतं, माझ्या हातून आजवर विणलेल्या कशाचाच इतका चांगला उपयोग झालेला नाही.

तिचा चुलत भाऊ, मोठीमायचा दुसरा नातू, कबड्डी खेळतो. तो दारात उभा राहून हे सगळं बघत होता. बोलला काही नाही, पण मोठीमायने ते हेरलं. सकाळी चहा घेताना त्यांनी मला पाटी-पेन्सिल आणायला लावली. कबड्डीचं मैदान केवढं? पुरुषांचं 13 बाय 10 मीटर, मी सांगितलं. मीटरला 5 इंच धरले तर 65 बाय 50. मध्यरेषा बरोबर साडेबत्तीसवर. तिथून निदान रेषा पावणेचार मीटरवर, म्हणजे पावणेएकोणीस इंच. बोनस रेषा त्याच्या पुढे आणखी 5 इंच. दोन्ही बाजूंच्या लॉबी 5-5 इंच, वेगळ्या रंगात. खो-खोपेक्षा हे सोपं, चौकोन नाहीत, सरळ ओळीत विणत जायचं. मोठीमायने पाटीवरची आकृती उलटसुलट करून पाहिली.

"इतलंसं शे," त्या म्हणाल्या, "रंगपंचमीपावत होई जाई. चाल, सूत लई येऊ."

दुकान उघडायला तास होता. तेवढ्यात त्यांनी सायकलच्या तारेची सुई मुठीपासून उतरवून दगडावर पुन्हा घासली, आणि नातवाला हाक मारून विचारलं, त्याच्या संघाच्या बनियनचा रंग कोणता.